मृततिथीचा शोध आणि जुनी वृत्तपत्रे

भाद्रपदाचा वद्य पक्ष जवळ आला म्हणजे घरोघरी देवघरातील जुनी वही बाहेर निघते. त्या वहीत पिता, पितामह, प्रपितामह, माता, पितामही, मातामह अशा क्रमाने नावे, गोत्र आणि तिथी यांची टिपणे असतात. कुलोपाध्याय एकेक नाव वाचतात आणि यजमान मान डोलावितो. पण पुष्कळ घरांच्या वहीत एखादे नाव असे असते की, त्याच्यापुढील तिथीची जागा कोरी राहिलेली आहे. ‘हे सर्वपित्रीला’ एवढे बोलून वही पुढे उलटली जाते. त्या कोऱ्या जागेचा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे.

श्राद्धकर्मात मृताहाला, म्हणजे मृत्यूच्या तिथीला, जे महत्त्व आहे ते केवळ स्मरणाच्या सोयीसाठी नाही. नाम, गोत्र आणि वसु, रुद्र, आदित्य यांपैकी रूप यांचा उच्चार करून ज्या पितराला आवाहन करावयाचे त्याचा स्वतःचा असा वर्षातला एक दिवस असतो, आणि त्या दिवशी त्याचे वंशज त्याची वाट पाहत आहेत अशी श्रद्धा असते. मात्र शास्त्रकारांना मनुष्याच्या अडचणींची पूर्ण जाणीव होती. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा, आणि पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’ अठराव्या शतकाच्या अखेरचा. या दोन ग्रंथांवर महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांचा धर्मनिर्णय आजवर चालत आला आहे. परदेशी गेलेल्या मनुष्याचा मृत्यू झाला आणि तिथी कळली नाही, पण महिना ठाऊक आहे, तर त्या महिन्याची अमावास्या धरावी. तिथी व महिना दोन्ही कळले नाहीत तर तो घरातून निघाला तो दिवस धरावा. तोही ठाऊक नसेल तर मृत्यूची वार्ता कानी आली तो दिवस धरावा, अशी ही परंपरा उतरत्या पायऱ्यांनी मार्ग दाखविते.

या पायऱ्यांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पायरी वरची पायरी हाती न लागल्यावरच उतरावयाची आहे. ज्याला कळणे शक्य नव्हते त्याच्यासाठी ही सवलत आहे; ज्याने कळून घेण्याचा यत्नच केला नाही त्याच्यासाठी ती नाही. म्हणून तिथीचा शोध हे निव्वळ कुतूहलाचे काम राहत नाही, ते पितृऋणाचाच एक भाग ठरते.

ही जागा कोरी कशी राहिली याचे कारण मराठी कुटुंबांच्या पांगापांगीत आहे. गोमंतकातला एक भाऊ बेळगावास वकिलाच्या कचेरीत, दुसरा बडोद्यास गायकवाड सरकारच्या नोकरीत, तिसरा इंदूर किंवा ग्वाल्हेर दरबारी, एखादा हैदराबादच्या निजामी मुलखात, असे चित्र एकोणिसाव्या शतकात असंख्य घरांत होते. मूळ गावी कुलदेवता आणि गुरुमठ, आणि पोट भरण्याचे ठिकाण शेकडो कोस दूर. तिकडे मृत्यू घडला की इकडे पत्र यावयाचे. आणि येथेच एक विलक्षण गोष्ट घडत असे. मृत्यूची वार्ता देणारे पत्र घरात ठेवावयाचे नाही, ते वाचून लगेच फाडून टाकावयाचे, असा आपल्याकडे सार्वत्रिक रिवाज होता. लग्नाच्या कुंकुमपत्रिका, जमिनीचे कागद, सावकाराच्या पावत्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. पण ज्या एका कागदावर मृत्यूचा दिवस लिहिला होता तो मात्र स्नानापूर्वीच नाहीसा झाला. घरानेच आपल्या हाताने पुरावा नष्ट केला, तोही धर्मभावनेने. अशा स्थितीत ती वार्ता घराबाहेर कोठे छापली गेली असेल तर तेवढीच शिल्लक राहण्याचा संभव असतो. जुन्या वृत्तपत्रांचे या कामातील मोल ते हेच.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’ पत्राने झाला. ते मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये आणि मुंबईचे ‘इंदुप्रकाश’ १८६२ मध्ये निघाले, तर ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ पासून सुरू झाला. परंतु पूर्वजांच्या शोधाला या मोठ्या पत्रांपेक्षा गावोगावची लहान पत्रे अधिक उपयोगी पडतात. ‘बेळगाव समाचार’ हे साप्ताहिक १८६३ मध्ये निघाले. बडोद्यास दामोदर सावळाराम यंदे यांनी ‘सयाजीविजय’ चालविले. ग्वाल्हेरला ‘जयाजी प्रताप’ १९०५ पासून निघू लागला, तर हैदराबादेस मराठी मंडळींसाठी ‘निजाम विजय’ १९२० मध्ये सुरू झाले. गोमंतकात सरकारी ‘बोलेतीं’ १८३७ पासून, मडगावचे ‘ओ उल्त्रामार’ १८५९ पासून आणि पणजीचे ‘ओ हेराल्दो’ १९०० पासून पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध होऊ लागले. त्यांपैकी ‘हेराल्दो’ १९८३ पासून इंग्रजीत निघते. मोठ्या पत्राला राजकारणाची काळजी असे. लहान पत्राला मात्र गावच्या विहिरीची, शाळामास्तरांच्या बदलीची, देवळाच्या उत्सवाची आणि गावातल्या सद्‌गृहस्थाच्या मृत्यूचीही बातमी छापावी लागे. कारण तेच त्याचे वर्गणीदार होते.

पहिल्याच प्रयत्नात ‘मृत्यू’ असे शीर्षक शोधणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. साध्या गृहस्थाच्या मृत्यूला स्वतंत्र शीर्षक क्वचितच मिळे. ‘स्थानिक वर्तमान’ या सदरात पाऊसपाणी, बाजारभाव, रोगराई यांच्या मध्येच दोन ओळी येत. कधी मृत्यूची बातमी नसते, पण दुखवट्याच्या सभेची असते. कधी वकीलमंडळींनी कोर्टात व्यक्त केलेल्या दुःखाची, कधी शाळेला दिलेल्या सुटीची, कधी मृताच्या नावे वाचनालयाला वा धर्मकृत्याला दिलेल्या देणगीची. सरकारी गॅझेटात वारसाच्या दाखल्याची नोटीस असते. तीत बहुधा मृताचे पूर्ण नाव, राहण्याचे गाव आणि वारसांची नाती दिलेली असतात. ही नोटीस मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही निघे. म्हणून तिने मृत्यूचा दिवस कळतोच असे नाही, पण ‘याच्या पूर्वी’ अशी एक मर्यादा तरी निश्चित होते. वरची मर्यादा एका कागदाने, खालची दुसऱ्याने, असे दोन्ही बाजूंनी आवळत आणले म्हणजे मधले अंक पानापानाने वाचणे आवाक्यात येते.

बातमी सापडली म्हणजे तिथी सापडली असे मात्र नाही. वृत्तपत्र वार सांगते. तिथी वाचणाऱ्याने पंचांगातून काढावयाची असते. एक उदाहरण घेऊ. समजा, मंगळवार २२ ऑक्टोबर १९१८ या दिवशीच्या साप्ताहिकात ‘अमुक गृहस्थ गेल्या गुरुवारी पहाटे तीन वाजता निवर्तले’ अशी ओळ आहे. गेला गुरुवार म्हणजे १७ ऑक्टोबर. परंतु इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो आणि आपला दिवस सूर्योदयाला बदलतो. बातमीदार इंग्रजी रीतीचा असेल तर ती पहाट बुधवारच्या रात्रीनंतरची. घरगुती बोलण्याप्रमाणे लिहिणारा असेल तर ‘गुरुवारी पहाटे’ म्हणजे नेमके काय, हे मजकुराच्या इतर शब्दांवरून ठरवावे लागते. पहाटे तीनला आश्विन शुद्ध द्वादशी होती की त्रयोदशी लागली होती, हे त्या शकाचे पंचांग उघडून घटिकापळांनीच सांगता येईल. शिवाय हाच मजकूर दुसऱ्या गावच्या पत्राने पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा उतरून घेतला असला तर ‘गेल्या गुरुवारी’ हे शब्दही तसेच उतरतात, आणि मृत्यू सात दिवस पुढे सरकतो. म्हणून एकाच बातमीचे दोन आढळ झाले तर आधीच्या अंकाला प्रमाण मानावे, आणि ज्या गावी मृत्यू झाला त्या गावच्या पत्राला सर्वांत अधिक.

मध्यरात्रीचा हा प्रश्न किती खरा आहे याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण लोकमान्य टिळकांचे होय. त्यांचे देहावसान मुंबईस सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर झाले. म्हणून इंग्रजी दिनांक १ ऑगस्ट १९२०, रविवार असा लागतो. पण आपल्या गणनेप्रमाणे ती शनिवारची रात्र होती. एवढ्या थोर पुरुषाच्या बाबतीत वेळेची नोंद घेण्यास शेकडो माणसे हजर होती. गावाकडल्या एखाद्या भिक्षुकाच्या किंवा कारकुनाच्या बाबतीत ‘रात्री’ हा एकच शब्द उरतो. घड्याळाचाही एक फेर लक्षात ठेवणे इष्ट आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत जुनी ‘बाँबे टाइम’ ही वेळ, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली, पुढे कित्येक वर्षे चालू होती. तिथीची संधी जवळ असेल तेव्हा एवढ्या फरकानेही निर्णय बदलू शकतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक अडचण येते, ती कालगणनेच्या भेदाची. आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो, परंतु वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. आपण ज्याला भाद्रपद वद्य म्हणतो त्याच पितृपक्षाला ग्वाल्हेर-इंदूरकडील हिंदी पत्र आश्विन कृष्ण म्हणते. तेथील पत्रातली तिथी नातवाने आपल्या पंचांगात तशीच घातली तर श्राद्ध एक महिना चुकते. गुजरातेत महिना आपल्यासारखाच अमान्त आहे, पण विक्रम संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात. त्यामुळे बडोद्याच्या कागदावरील संवताचा आणि इंदूरच्या कागदावरील संवताचा आकडा वर्षातील काही महिने जुळत नाही. हैदराबादच्या कागदांत फसली सन असतो. त्यात साधारणतः ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. शालिवाहन शकात ७८ मिळवावे. मात्र पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलून गेलेले असल्याने ७९ मिळवावे लागतात. हे सारे हिशेब सोपे आहेत, पण घाईने करण्याचे नाहीत. तिथी, वार आणि दिनांक हे तिन्ही परस्परांशी जुळले तरच निष्कर्ष पक्का समजावा. वार जुळत नसेल तर कोठेतरी चूक आहे, हे निश्चित.

तेराव्या दिवसावरून मागे मोजण्याची युक्तीही पुष्कळांना सुचते. ‘अमुक दिवशी तेराव्याचे भोजन झाले’ अशी बातमी असेल तर मृत्यूचा दिवस हा पहिला धरावयाचा असल्याने बारा दिवस वजा करावे लागतात, तेरा नव्हेत. परंतु मृत्यू दूरदेशी झाला असेल आणि वार्ता उशिरा आली असेल, तर घरच्यांनी वार्ता आल्यापासून दिवस धरले असण्याचा संभव असतो. तेव्हा तेरावे मूळ गावी झाले की मृत्यूच्या ठिकाणी झाले, हे आधी पाहिले पाहिजे.

नावांचा घोळ तर याहून मोठा आहे. गोमंतकातील पोर्तुगीज कागदांत शेणवी हे ‘सिनाय’ होतात, प्रभू हे ‘पोरोबो’ होतात, कामतांचे नाव अनुनासिक होऊन ‘कामोतीं’ असे उमटते, आणि शिरोडकरांचे आडनाव रोमन लिपीतील ‘एक्स’ या अक्षराखाली शोधावे लागते. बेळगावच्या इंग्रजी कागदांत तोच गृहस्थ आडनाव टाकून केवळ स्वतःच्या व वडिलांच्या नावाने वावरतो. एकाच घराण्यातील एक शाखा गावावरून ‘कर’ लावणारी, दुसरी मूळ उपनाम ठेवणारी. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली पद्धत. म्हणून एका घरात एकाआड एक पिढीत तेच नाव आणि तेच पितृनाम फिरून येते. पत्रात सापडलेला माणूस आजोबा की पणजोबा, हे वयावरून, व्यवसायावरून किंवा सोबत उल्लेखिलेल्या भावाच्या, जावयाच्या नावावरून ठरविल्याशिवाय तो आपला म्हणणे धाडसाचे आहे. दुसऱ्याच्या पितराची तिथी आपल्या वहीत लिहिण्यापेक्षा जागा कोरी राहिलेली बरी.

छापलेले ते सर्व खरे, असाही समज नसावा. ज्या बाळशास्त्र्यांनी मराठीला वृत्तपत्र दिले त्यांच्याच मृत्यूचा दिनांक कोठे १७ मे १८४६ तर कोठे १८ मे १८४६ असा दिलेला आढळतो; त्यांचे ‘दर्पण’ तर त्यापूर्वी १८४० मध्येच बंद झाले होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या तो दिवस १७ जून १८५८ की १८ जून, याविषयीही लेखकांत एकमत नाही. ग्वाल्हेरला त्यांच्या समाधीस्थानी १८ जून पाळला जातो. ज्यांच्या मृत्यूची दखल इतिहासाने घेतली त्यांच्याबाबतीत जर एका दिवसाचा मतभेद राहू शकतो, तर सामान्य गृहस्थाविषयी तो राहिल्यास नवल नाही. अशा वेळी दोन्ही आढळ वहीत लिहून ठेवावे, कोणता का स्वीकारला त्याचे कारण लिहावे, आणि पुढच्या पिढीला फेरविचाराची वाट मोकळी ठेवावी.

वृत्तपत्र कधी तिथीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगते, ती मृत्यूच्या कारणाची. पितृपक्षात सौभाग्यवती गेलेल्या स्त्रियांसाठी नवमी, संन्याशांसाठी द्वादशी, आणि शस्त्राने, पाण्याने, अग्नीने किंवा अशा अन्य अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी सांगितली आहे. घरात ‘मुंबईस वारले’ एवढेच माहीत असते; पत्रात ‘बुडून’ हा शब्द सापडला म्हणजे वेगळा विचार करावा लागतो. कोकणकिनाऱ्यावर हे फार घडले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. लोकस्मृतीत ती आषाढी अमावास्या म्हणून राहिली आहे. परंतु गणिताप्रमाणे त्या दिवशी सूर्योदयाला चतुर्दशी होती आणि दिवसाच अमावास्या लागली. म्हणजे बोट बुडण्याचा प्रहर हाच येथे निर्णायक होतो. आणि लगेच पुढे त्या वर्षी अधिक श्रावण लागला. त्याच दुर्घटनेत जखमी होऊन कोणी चार दिवसांनी गेला असेल तर तो अधिक मासात गेला, आणि त्याच्या वार्षिक श्राद्धाचा निर्णय ग्रंथात स्वतंत्रपणे पाहावा लागेल. एका बातमीतील वेळ आणि वार यांच्यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती दुःखाची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. हे डॉक्टर मूळ गोमंतकातील हडफड्याचे. १८९८ पर्यंत ती साथ हुबळी-धारवाडकडे भयंकर स्वरूपात पोहोचली. त्या वर्षांची पत्रे काढली म्हणजे रोजचे आकडे सापडतात, गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्याच्या बातम्या सापडतात. नावे सापडत नाहीत. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम हिंदुस्थानावर आली. त्या वर्षीचा महालय पक्ष नेमका त्याच दिवसांत होता. पितरांना पिंड देण्यासाठी पाटावर बसणारे हात त्याच पंधरवड्यात आणि त्यापुढील आठवड्यांत स्वतः पितृलोकाला गेले. त्या साथीत साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. लहान पत्रांचे छापखाने बंद पडले, खिळे जुळविणारे अंथरुणाला खिळले, आणि जेव्हा मृत्यू सर्वांत अधिक झाले तेव्हाच मृत्यूच्या बातम्या सर्वांत कमी छापल्या गेल्या. अनेक घरांच्या वहीतील कोऱ्या जागा याच सालच्या आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत तर चांगल्या वर्षीही मौनच आहे. ‘अमुक रावसाहेबांच्या मातोश्री कैलासवासी झाल्या’, ‘अमुक वकिलांचे कुटुंब निवर्तले’ अशा ओळी सापडतात. त्या मातोश्रींचे नाव काय होते ते बातमीदाराने विचारले नाही. श्राद्धाच्या संकल्पात मातेचे, पितामहीचे नाव उच्चारावे लागते. वृत्तपत्राने दिवस दिला आणि नाव दिले नाही, वहीने नाव दिले आणि दिवस दिला नाही, असे होते. दोन्ही कागद एकत्र ठेवले म्हणजेच ती स्त्री पुन्हा पूर्ण होते. गरिबांची, कुळांची, सेवेकऱ्यांची गत याहून वाईट. त्यांच्यासाठी पत्रात ओळच नाही. त्यांच्याकरिता सर्वपित्री अमावास्या आहे, आणि ज्यांचे कोणी उरले नाही त्यांनाही तिलांजली देण्याची व्यवस्था धर्माने केली आहे, हे स्मरणात ठेवले पाहिजे.

शोधाअंती जर असे दिसून आले की, घरात दोन पिढ्या पाळली जात असलेली तिथी आणि पत्रावरून निघणारी तिथी भिन्न आहेत, तर काय करावे, असा प्रश्न उभा राहतो. येथे पुष्कळांच्या मनाला धक्का बसतो. इतकी वर्षे केलेले श्राद्ध व्यर्थ गेले काय, असे वाटू लागते. तसे समजण्याचे कारण नाही. पर्यायी दिवस शास्त्रानेच दिलेले आहेत, आणि न कळलेल्या अवस्थेत श्रद्धेने केलेले कर्म त्या अवस्थेला अनुसरूनच होते. पण ज्ञान झाल्यावर अज्ञानासाठी दिलेल्या सवलतीचा आधार उरत नाही. बातमीचा अंक, त्याचा दिनांक, त्यावरून काढलेली तिथी हे सर्व कुलोपाध्यायांपुढे आणि मठाच्या शास्त्रीमंडळींपुढे ठेवून निर्णय घ्यावा. एकट्याने घाईने वही खोडू नये. जुनी तिथी खोडून काढू नये, तिच्या बाजूला नवी लिहावी. आजीने आठवणीतून सांगितलेली तिथीही निराधार नसते. ती मृत्यूची नसून वार्ता पोहोचल्याची असू शकते, आणि त्या दृष्टीने तीही एक खरी नोंदच असते.

ही जुनी पत्रे पाहावयाची कोठे, असे शिष्यवर्गातील मंडळी विचारतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर ही दोन्ही १८४८ मधील. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ पर्यंत जाते. ते आता कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. अलीकडे पुष्कळ जुने अंक संगणकावरही पाहता येतात. परंतु झिजलेल्या खिळ्यांचा देवनागरी मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. यंत्राने ‘आढळ नाही’ असे सांगितले तरी पान डोळ्यांनी वाचावे. मूळ अंक हाताळताना पान कोपऱ्याने उलटू नये, बोटाला थुंकी लावू नये, शाईची लेखणी जवळ ठेवू नये. त्या कागदाचा चुरा झाला म्हणजे आणखी कोणाच्या तरी पितराची तिथी गेली, एवढे भान असावे.

याच्या जोडीला मठाचे स्वतःचे दप्तर आहे. मठांच्या कीर्दींत, दानपत्रांत आणि भिक्षावळीच्या याद्यांत मृताच्या नावे अर्पण केलेल्या रकमेची, नंदादीपाची, अन्नसंतर्पणाची नोंद सापडू शकते. स्वामींच्या स्वारीचे वृत्त स्थानिक पत्रांतून छापले जाई. त्यात कोणत्या गावी कोणत्या गृहस्थाच्या घरी पाद्यपूजा झाली याचा उल्लेख असे. अमुक वर्षी पाद्यपूजेला वडील पुढे होते आणि पुढच्या स्वारीच्या वेळी मुलगा पुढे होता, एवढ्यावरूनही मृत्यूचा काळ दोन स्वाऱ्यांच्या मध्ये निश्चित होतो. गुरूचे येणे आणि पितराचे जाणे या दोन नोंदी अशा रीतीने एकमेकींना आधार देतात.

मठाच्या वर्धापनाचे वर्ष हे अशा कार्याच्या आरंभास अत्यंत अनुकूल आहे. प्रत्येक शिष्यकुटुंबाने आपल्या ज्ञात पितरांची नावे, स्त्रियांची नावे वगळल्यावाचून, गोत्र, मृत्यूचे स्थान, तिथी, मास, शक, वार, इंग्रजी दिनांक आणि ती माहिती कोठून मिळाली याचा निर्देश, एवढे एका कागदावर लिहून मठाच्या दप्तरी द्यावे. ज्यांची जागा कोरी आहे त्यांनी ती कोरी ठेवूनच द्यावी. कदाचित दुसऱ्या शाखेच्या कागदावर ती भरलेली निघेल. बडोद्याच्या घरी जे नाव तिथीवाचून राहिले ते म्हार्दोळच्या किंवा बेळगावच्या वहीत तिथीसह असू शकते, कारण ते दोन्ही घरांचे एकच पणजोबा होते. आणि आज घरात जो मृत्यू घडेल त्याची तिथी त्याच दिवशी वहीत लिहावी. पत्र फाडण्याचा रिवाज पाळला तरी आधी एवढे उतरून घ्यावे. म्हणजे येत्या महालयात, आणि त्याच्या पुढच्या अनेक महालयांत, कुलोपाध्याय नाव वाचतील तेव्हा यजमानाला ‘हे सर्वपित्रीला’ असे म्हणण्याची वेळ पूर्वीपेक्षा कमी येईल.